त्या दिवशी रस्ता बंद होता

नवी मोटरसायकल दारात उभी राहिली, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाडी पळते किती, हे नंतर. आधी विचारायचं, ‘लिटरला किती देते?’ शेजारी विचारतो, पाहुणा विचारतो, दूध घालायला आलेला गवळीही विचारतो. मिरजेला आमच्या वडिलांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्या गॅरेजच्या पायरीवर बसून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की मला वाटायचं, हा खास आपल्या काटकसरी मुलखाचाच प्रश्न असणार.

तसं नाही. जगातली सर्वांत नावाजलेली मोटरसायकल शर्यत याच प्रश्नावर उभी राहिली. २८ मे १९०७, मंगळवार. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे, तिथे त्या दिवशी पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ धावली. लोक तिला नुसतं ‘टीटी’ म्हणतात. तिच्या नियमात लिहिलं होतं, की एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला ९० मैल दिले पाहिजेत आणि दोन सिलिंडरच्या गाडीने ७५. आपल्या हिशेबात लिटरला सुमारे ३२ आणि साडेसव्वीस किलोमीटर. पेट्रोल मोजून मिळणार. ते संपलं, तर तुमची शर्यतही संपली!

दरवर्षी मेअखेर या शर्यतीचे दिवस आले, की मी थोडा अस्वस्थ होतो. त्याचं कारण घरचं आहे. ते पुढे येईलच. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण ग्रीसच्या वासात वाढल्यामुळे हा एक दिवस मी बराच वाचून काढला आहे.

शर्यत इंग्लंडात न होता एका लहानशा बेटावर का झाली, इथून सुरुवात करू. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या मोटारींना ताशी २० मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची मर्यादा घातली होती. शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करणं तर तिथल्या संसदेला मंजूरच नव्हतं. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी ब्रिटिश संघ तर निवडायचा होता, पण निवड चाचणी घ्यायची कुठे? तेव्हा ऑटोमोबाइल क्लबचे सचिव ज्युलियन ऑर्ड यांनी आइल ऑफ मॅन गाठलं. हे बेट ब्रिटिश राजाच्या छत्राखाली असलं, तरी ब्रिटनचा भाग नाही. त्याची स्वतःची संसद आहे, टिनवाल्ड नावाची. तिथले लेफ्टनंट गव्हर्नर लॉर्ड रॅग्लन हे ऑर्ड यांचे नातलग होते. (वशिला काही फक्त आपल्याकडेच चालतो असं नाही.) १९०४ साली टिनवाल्डने कायदा केला आणि शर्यतीपुरते रस्ते बंद ठेवायला परवानगी दिली.

हा कायदा मला फार मोलाचा वाटतो. शर्यतीचं पहिलं यंत्र म्हणजे इंजिन नव्हे, बंद रस्ता. त्या ठरावीक तासांपुरतं त्या वाटेवर कुणाचं पोर येणार नाही, कुणाची म्हैस येणार नाही, याची जबाबदारी सरकारने घेतली.

आधी धावल्या त्या मोटारी. मोटरसायकलवाल्यांची वेळ यायला एक भांडण व्हावं लागलं. १९०६ साली आंतरराष्ट्रीय मोटरसायकल शर्यत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, पॅट्झाऊ या गावी झाली. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्याच चेक देशाची जावा मोटरसायकल १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली आणि आमच्या गॅरेजात कायमची मुक्कामाला आली. तर पॅट्झाऊला गाडीचं वजन ५० किलोच्या आत हवं, असा नियम होता. त्यामुळे लोक नाजूक सांगाड्यावर दांडगं इंजिन चढवत. वासराच्या अंगावर बैलाचं शिंग! नियम मोडल्याच्या तक्रारी झाल्या, व्यवस्थाही धड नव्हती. वैतागलेली इंग्रज मंडळी आगगाडीने परतताना बोलू लागली, की आपण आपलीच शर्यत का भरवू नये? साधी, रोजच्या वापरातली, दुकानात विकत मिळते तशी गाडी धावली पाहिजे. तिला बसायला नीट सीट हवी, मडगार्ड हवेत, सायलेन्सर हवा. त्या डब्यात ऑटो-सायकल क्लबचे सचिव फ्रेडी स्ट्रेट होते, मॅचलेस गाड्या बनवणाऱ्या घरातले हॅरी आणि चार्ली कॉलियर हे भाऊ होते आणि मार्क्विस द मूझिली सेंट मार्स नावाचे एक उमराव होते. जानेवारी १९०७ मध्ये क्लबच्या वार्षिक भोजनात ही कल्पना रीतसर मांडली गेली आणि मार्क्विससाहेबांनी चांदीचा करंडक दिला. पंख असलेल्या चाकावर तोल सावरून उभा असलेला ग्रीकांचा देवदूत हर्मिस. तोच करंडक आजही तिथल्या मुख्य शर्यतीच्या विजेत्याच्या हाती दिला जातो.

आता ती गाडी डोळ्यांपुढे आणा. बरीचशी सायकलच, तिच्या सांगाड्यात इंजिन अडकवलेलं. बहुतेकींना गिअर नाही, क्लच नाही. ढकलत पळायचं, इंजिनाने जीव धरला की उडी मारून बसायचं. इंजिनातून मागच्या चाकाकडे जोर जायचा तो चामडी पट्ट्यावरून. जुन्या पिठाच्या गिरणीत चामड्याचा लांब पट्टा फटफट करत फिरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गाडी चटकन कळेल. पट्टा ओला झाला, की घसरतो. ताण पडला, की तुटतो. आमच्या गल्लीतला गिरणीवाला पट्टा घसरू लागला, की त्याला राळ लावायचा आणि गिऱ्हाइकांवर ओरडायचा. शर्यतीत ओरडायला गिऱ्हाईक नव्हतं. स्वारालाच उतरून पट्टा सांधायचा, प्लग बदलायचा, पंक्चर काढायचं आणि शिवाय धावता धावता हातपंपाने इंजिनाला तेल पाजत राहायचं. चढ आला, की पेडल मारायचे. रस्ता कच्चा, धुळीचा, खड्यांचा.

शर्यत सुरू झाली सेंट जॉन्स या गावातून. सकाळी दहाला स्वार जोडीजोडीने सुटले. पहिली जोडी फ्रँक हलबर्ट आणि जॅक मार्शल यांची, दोघेही ट्रायम्फवर. एकूण २५ जण. सेंट जॉन्सहून बॅलक्रेन, तिथून उत्तरेला कर्क मायकेल, मग समुद्राच्या कडेने पील आणि परत सेंट जॉन्स, असा सुमारे साडेपंचवीस किलोमीटरचा फेरा. असे दहा फेरे. अर्धी शर्यत झाली, की दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती.

एका सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर जिंकला. चार तास आठ मिनिटं, ताशी ३८ मैलांची सरासरी, म्हणजे साधारण ६१ किलोमीटर. स्वतःच्या वडिलांच्या कारखान्यातली मॅचलेस त्याच्याखाली होती. थोरला हॅरीही धावत होता, पण त्याच्या गाडीने दगा दिला. हॅरीचा दिवस उजाडला १९०९ साली. दोघे भाऊ, दोघेही विजेते. दुसरा आला तो ट्रायम्फवाला जॅक मार्शल. कॉलियरच्या गाडीला पेडल होते, म्हणून चढावर त्याचं फावलं, अशी कुरबुर झाली आणि पुढच्या वर्षी पेडलांना बंदी आली. १९०८ साली मार्शल जिंकला. बिनपेडलाची मोटरसायकल खऱ्या अर्थाने रूढ व्हायला अशा कुरबुरींनी मोठाच हातभार लावला.

पण मला जवळचा वाटतो तो दुसऱ्या गटातला विजेता, रेम फाऊलर. त्याची गाडी नॉर्टन, इंजिन मात्र फ्रेंच पूझोचं, दोन सिलिंडरचं. शर्यतीआधी त्याची तब्येत आणि धीर दोन्ही डळमळीत होते. एका मित्राने त्याला थोड्या दुधात भरपूर ब्रँडी घालून पाजली, असं त्याने पुढे सांगितलं आहे. (आमच्या घरात हा भाग मी गाळून सांगतो.) निघाल्यावर पट्ट्याने छळलं, प्लगनी छळलं. कितीदा थांबला असेल! आणि सातव्या फेरीत, समुद्रकाठच्या ‘डेव्हिल्स एल्बो’ या वळणावर, ताशी ६० मैलांच्या आसपास वेग असताना त्याचा पुढचा टायर फुटला. पुढचा टायर फुटणं म्हणजे काय, हे दुचाकीवाल्यांना सांगायला नको. फाऊलर पडला, उठला आणि रस्त्याच्या कडेला टायरशी झोंबत बसला. वीस मिनिटांहून अधिक वेळ गेला. तो शर्यत सोडून देण्याच्या बेतात होता. तेवढ्यात कुणी एक बघ्या त्याला म्हणाला, की अरे, तू तुझ्या गटात अर्ध्या तासाने पुढे आहेस!

त्या बघ्याचं नाव इतिहासात नाही. मला राहून राहून तो माणूस दिसतो. डोक्यावर टोपी, हातात बहुधा घड्याळ. त्याने मनातल्या मनात हिशेब केला असणार. त्याच्या एका वाक्यावर फाऊलर उठला, गाडी ढकलली आणि जिंकला. सरासरी ताशी ३६ मैलांच्या थोडी वर. पण त्या दिवसाची सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच, जवळजवळ ४३ मैलांची. त्या दिवशी कुणाचाही जीव गेला नाही.

आता घरचं. घड्याळ धरून मीही एकदा उभा होतो.

१९८५ ची गोष्ट. मी चौदा वर्षांचा, माझा थोरला भाऊ विशीतला. गॅरेजमध्ये अब्बांच्या हाताखाली तयार झालेला, कानाने इंजिन ओळखणारा. त्याच्या एका दोस्ताने राजदूत साडेतीनशे घेतली होती आणि पैज लागली. मिरज ते अंकलीचा पूल. भाईजानने दुरुस्तीला आलेली, गिऱ्हाइकाची येझदी काढली. अब्बा मगरिबच्या नमाजाला गेले होते. पुलाजवळ मला अब्बांचं एचएमटीचं घड्याळ देऊन उभं केलं होतं. जानेवारी महिना, उसाचा हंगाम, दिवस मावळलेला. मला आधी आवाज ऐकू आला, मग दिवा दिसला. माझ्या आणि त्या दिव्याच्या मध्ये उसाची बैलगाडी होती. तिला दिवा नव्हता, मागे लाल काचही नव्हती.

भाईजान वाचला. त्याचा उजवा पाय मात्र गुडघ्यात कायमचा आखडला. एका बैलाचा पाय मोडला. गाडीवान बीडकडचा ऊसतोड मजूर होता. तो बैलाचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसून राहिला. शिवी नाही, मारहाण नाही. तो काहीच बोलत नव्हता. माझ्या हातात घड्याळ तसंच चालू होतं.

अब्बांकडे स्वतःची एक जुनी नॉर्टन होती. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्या पुढे लिलावात निघाल्या, त्यांतली. भंगाराच्या भावात घेऊन त्यांनी ती कित्येक वर्षं उभी केली होती. एकेक पार्ट कुठून कुठून मिळवून. ती त्यांनी त्याच आठवड्यात विकली. बैलाचे पैसे गाडीवानाला दिले आणि उरलेल्यात गिऱ्हाइकाची येझदी नीट करून दिली. भाईजानला ते एकच वाक्य बोलले, आमच्या दखनीत, ‘रस्ता किसी के बाप का नै.’ त्यानंतर आमच्या घरात शर्यत हा शब्द कुणी काढला नाही.

म्हणून मला १९०७ चा तो मंगळवार आठवताना एकदम टाळ्या वाजवता येत नाहीत. टीटीचा पुढचा इतिहास तुम्ही वाचलात, तर तुम्हालाही येणार नाहीत. १९११ साली शर्यत सेंट जॉन्सच्या फेऱ्यावरून डोंगरावरच्या मोठ्या फेऱ्यावर गेली. सुमारे ६० किलोमीटरचा एक फेरा, घरांच्या भिंतींना आणि दगडी कुंपणांना घासून. त्याच वर्षी मुख्य शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ने पटकावले. छाती फुगवू नका, ही इंडियन अमेरिकेतली! पण चामडी पट्ट्याऐवजी साखळी आणि दोन वेगांचा गिअर असला, तर डोंगर कसा चढता येतो, हे तिने दाखवून दिलं. आणि त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज नावाचा तरुण स्वार गेला. त्या डोंगरी वाटेवर आजवर अडीचशेहून अधिक स्वार गेले आहेत. १९७२ मध्ये इटलीचा पार्लोत्ती मेल्यावर त्याचा मित्र, जगज्जेता अगोस्तिनी, पुन्हा तिथे धावला नाही. १९७६ नंतर जागतिक स्पर्धेच्या यादीतून टीटी वगळली गेली. तरी ती थांबली नाही. २०२३ मध्ये पीटर हिकमनने एक फेरा ताशी १३६ मैलांच्या सरासरीने मारला. फाऊलरच्या तिपटीहून जास्त!

२००७ साली शताब्दी झाली. २८ मे रोजी सेंट जॉन्सच्या त्याच जुन्या फेऱ्यावर जुन्या मोटरसायकली पुन्हा चालवल्या गेल्या. किती सुंदर दृश्य असेल ते. आणि त्याच सोहळ्यात, ८ जूनला, शेवटच्या मुख्य शर्यतीत एक स्वार घसरला. तो गेला आणि त्याच्यासोबत रस्त्याकडेला उभे असलेले दोन बघेही गेले. रस्ता बंद होता, तरी. त्या बातमीपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. स्वाराने स्वतःचा सौदा स्वतः केलेला असतो. बघ्याने केलेला नसतो. गाडीवानाने तर नाहीच नाही.

सेंट जॉन्सबद्दल आणखी थोडं सांगायचं आहे, ते विषयाला सोडून असलं तरी. त्या गावात टिनवाल्ड टेकडी आहे, पायऱ्यापायऱ्यांची, मातीची, हिरवीगार. दरवर्षी ५ जुलैच्या सुमारास बेटाची संसद तिथे उघड्यावर भरते आणि नव्या कायद्यांची नावं दोन भाषांत वाचली जातात, इंग्रजीत आणि मँक्समध्ये. मँक्स ही बेटाची स्वतःची भाषा. ती आईच्या तोंडून शिकलेला शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ साली वारला. २००९ मध्ये युनेस्कोने ही भाषा मृत म्हणून नोंदवली. तेव्हा बेटावरच्या मँक्स शाळेतल्या मुलांनी पत्रं लिहिली, मँक्समध्येच, की आमची भाषा मेली असेल तर हे पत्र आम्ही कोणत्या भाषेत लिहितो आहोत? युनेस्कोला नोंद बदलावी लागली. ही शाळा त्याच सेंट जॉन्समध्ये आहे. घरी दखनी बोलणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या गावाचा लळा का लागला, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

त्या दिवसाच्या गाड्यांचं पुढे काय झालं? मॅचलेस बनवणारा उद्योगसमूह १९६६ मध्ये बुडाला. दुसरी आलेली ट्रायम्फ अनेक मालक पाहून तगली आणि २०२३ पासून तिच्या चारशे सीसीच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनतात. आणि फाऊलरची नॉर्टन? २०२० मध्ये ती आपल्या टीव्हीएस कंपनीने विकत घेतली. एका मिरजेच्या मेस्त्रीने बैलाच्या किमतीत नॉर्टन विकली आणि पस्तीस वर्षांनी अख्खी नॉर्टनच हिंदुस्थानात आली. अब्बा तोवर राहिले नाहीत. असते, तर पेपरातलं ते कात्रण त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलं असतं.

हे भाषण लिहून झाल्यावर मी ते भाईजानला वाचून दाखवलं. साठी गाठलेला माणूस, पाय स्टुलावर सरळ ठेवून ऐकत होता. चाळीस वर्षांत आम्ही दोघं त्या संध्याकाळबद्दल एकमेकांशी बोललो नव्हतो. बैलगाडीचा भाग आला, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. ‘हे काढू का?’ मी विचारलं.

‘राहू दे,’ तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प. चहा आला, निम्मा झाला.

‘त्या तुझ्या फाऊलरला टायर घालायला वीस मिनिटं लागली म्हणतोस?’

‘वीसच्या वर.’

‘अब्बांनी दहात घातला असता,’ भाईजान म्हणाला आणि उरलेला चहा बशीत ओतू लागला.